पिवळ्या दिव्याची साक्ष

मोटारीच्या ब्रेकविषयीं शाळेच्या वार्षिकांत कोणी लिहावयाचें असेल तर तें विज्ञानाच्या शिक्षकानें लिहावें. भाषा शिकविणाऱ्यानें या भानगडींत कां पडावें, असें माझे कांहीं वाचक मनांत म्हणतील. त्यांचें म्हणणें रास्त आहे. परंतु ज्या एका लहानशा गोष्टीनें मला माझ्या धंद्याविषयीं व माझ्या स्वतःविषयीं पुष्कळ शिकविलें, ती पुस्तकांत घडली नाहीं. अंबरनाथच्या एका गल्लींत, दार उघडें टाकून उभ्या केलेल्या जुन्या मोटारींत घडली. म्हणून ती जशी घडली तशी सांगतों.

गाडी २००३ सालीं बनलेली व दुसऱ्याच्या हातून घेतलेली. ती कोणत्या कारखान्याची हें सांगत नाहीं. कारण दोष तिच्या घडणीचा नव्हता, पाण्याचा होता. २६ जुलै २००५ चा प्रलय आपल्या पालकांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्याची आठवण करून देणारा पाऊस २०१९ च्या जुलैअखेर झाला. त्या महिन्याच्या २७ तारखेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली, आणि सुमारें हजार उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. त्या रात्रीं आमची गाडी बदलापूर पश्चिमेस बहिणीच्या दाराशीं उभी होती. उल्हास नदीचें पाणी चाकांच्या मध्यापर्यंत चढलें व दुसऱ्या दिवशीं उतरलें. इंजिन बचावलें होतें. गाडी धुतली, उन्हांत वाळविली, आणि थोडक्यांत निभावलें म्हणून देवाचे आभार मानले.

सप्टेंबरांत एके सकाळीं गाडी चालूं केली तेव्हां समोरच्या फळ्यावर एक पिवळा दिवा लागला व तो विझेना. त्यावर इंग्रजी तीन अक्षरें होतीं: ए, बी, एस.

या अक्षरांचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. गाडी वेगांत असतां ब्रेकवर एकदम पाय दिला तर चाक जागच्या जागीं जखडलें जातें, गाडी मात्र थांबत नाहीं. ओल्या रस्त्यावर ती घसरत पुढें जाते. फिरणारें चाक वळविलें तर गाडी वळते. घसरणारें चाक कितीही वळविलें तरी गाडी आपली सरळच जाते. हें टाळण्यासाठीं प्रत्येक चाकापाशीं एक दांतेरी कडें व त्याच्या समोर लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें असलेला सेन्सर बसवितात. कड्याचे दांत समोरून जातांना वेटोळ्यांत विजेचे सूक्ष्म झटके उत्पन्न होतात. चाक जितकें जलद, तितके झटके अधिक. एक लहानसा संगणक चारही चाकांची ही साक्ष सतत ऐकत असतो. एखादें चाक जखडूं लागलें असें त्याला दिसलें, कीं तो त्या चाकावरील ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो व पुन्हां देतो. असें एका सेकंदांत कित्येक वेळां करतो. बॉश कंपनीनें ही योजना १९७८ सालीं मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या गाड्यांत प्रथम आणली. आपल्या देशांत ती सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ पासून. त्यापूर्वींच्या गाड्यांत ती असली तर बहुधा महाग जातींतच असे.

या संगणकाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चारांपैकीं एक साक्षीदार जरी गप्प बसला, तरी तो उरलेल्या तिघांवर विसंबून अंदाज बांधीत नाहीं. तो आपलें काम थांबवितो, पिवळा दिवा लावतो, आणि साधे ब्रेक तेवढे चालकाच्या पायाखालीं ठेवतो.

साधे ब्रेक राहतात, हेंच माझ्या आळसाला पुरेसें झालें. "ब्रेक तर लागतात," असें मी महिनाभर घरांतील मंडळींस सांगत होतों. मग ऑक्टोबरांत परतीचा पाऊस पडत असतां, कल्याण-बदलापूर रस्त्यावर अंबरनाथजवळ, पुढील रिक्षा अचानक थांबली. मीं जोरानें ब्रेक दाबला. चाकें जखडलीं. मीं स्टिअरिंग डावीकडे फिरविलें. गाडी सरळच गेली. रिक्षेपासून हातभर अंतरावर ती थांबली. रिक्षांत गणवेषांतील शाळेचीं मुलें होतीं. तीं मागें वळून पाहून हंसलीं; त्यांना कांहींच कळलें नव्हतें. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथील मनुष्यानें चाक न उघडतां व यंत्र न जोडतां सांगितलें कीं ब्रेकचा सबंध नियंत्रक बदलावा लागेल. आणि जो आंकडा सांगितला तो माझ्या एका महिन्याच्या पगाराहून मोठा होता. मग बाजारांत मिळणारें, फोनला जोडावयाचें एक स्वस्त यंत्र आणलें. त्यानें इंजिनाची सर्व माहिती सांगितली, पण ब्रेकविषयीं चकार शब्द काढला नाहीं. कारण असें, कीं १९९६ पासून अमेरिकेंत सर्व नव्या मोटारींस जी समान भाषा सक्तीची झाली व पुढें इतर देशांत पसरली, ती मुख्यतः धुराच्या नियंत्रणासाठीं होती. ब्रेकच्या संगणकाशीं प्रत्येक कारखाना आपल्या घरगुती बोलींत बोलत असे, आणि ती बोली साध्या यंत्रास येत नाहीं.

ही माझी रडकथा मीं नववीच्या वर्गांत सहज सांगितली. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला व म्हणाला, "सर, जुन्या गाड्यांना के-लाइन असते. केबल घरीं करतां येते. माझे बाबा मदत करतील."

हा मुलगा उल्हासनगरचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगर या नांवानें त्या वसाहतीची कोनशिला बसली, हें आपण इतिहासांत वाचतों. छावणीची आठवण तेथील पत्त्यांत अजून आहे. आजही लोक कॅम्प नंबर एक, दोन असेंच म्हणतात. या मुलाचे आजोबा त्या छावणींत आले, त्यांनीं रेडिओ दुरुस्त केले. वडिलांनीं टेलिव्हिजन दुरुस्त केले. आतां फोन दुरुस्त करतात. दुकान एवढेंसें, कीं गिऱ्हाईक आंत आलें तर मुलानें बाहेर उभें राहावयाचें. दिवाळीच्या सुटींत त्या दुकानांत बसून आम्हीं केबल तयार केली.

तिची रचना सांगतों, कारण तींत गूढ असें कांहीं नाहीं. स्टिअरिंगच्या खालीं सोळा पिनांची एक बैठक असते. तींतील ४ व ५ या पिना जमिनीच्या, १६ ही बॅटरीची, आणि ७ ही संभाषणाची. हिलाच के-लाइन म्हणतात. या एकाच तारेवरून दोघांनीं आळीपाळीनें बोलावयाचें असतें. कोणी बोलत नसेल तेव्हां तारेवर बॅटरीइतका, म्हणजे सुमारें १२ व्होल्टांचा दाब असतो; बोलणारा ती तार क्षणोक्षणीं जमिनीस टेकवितो, आणि त्या चढउतारांतून अक्षरें होतात. लॅपटॉपला १२ व्होल्ट सोसत नाहींत. म्हणून मध्यें एल ९६३७ नांवाची आठ पायांची चिप दुभाषी म्हणून बसविली, तार वर धरून ठेवण्यास ५१० ओहमचा रोधक लावला, आणि लॅपटॉपच्या बाजूस यूएसबीचा तयार तुकडा डाखला. केबलींत वीज आली हें कळावें म्हणून एक तांबडा दिवा लावला. सर्व सामान चारशें रुपयांच्या आंत आलें.

मोठ्या उत्साहानें केबल गाडीस लावली. तांबडा दिवा लागला नाहीं. तासभर आम्हीं गाडीच्या फ्यूजांस व बॅटरीस दोष दिला. शेवटीं त्या मुलाच्या वडिलांनीं प्लग हातांत घेतला, उलटसुलट पाहिला, व ते म्हणाले, "सर, तुम्ही पिना समोरून मोजल्या, तारा मागून जोडल्या." आरशांत डावें उजवें होतें तसें झालें होतें: १६ च्या जागीं ९, ७ च्या जागीं २. जमिनीच्या ४ व ५ या पिनांची आपसांत अदलाबदल झाली, त्या दोन्ही एकाच कामाच्या असल्यामुळें कांहीं जळलें नाहीं. ही आमची हुशारी नव्हे, दैवाची कृपा. तारा पुन्हां जोडल्या आणि तांबडा दिवा लागला.

जुन्या गाडीच्या संगणकास हांक मारण्याची रीत मोठी मजेची आहे. प्रथम त्याचा क्रमांक अतिशय संथपणें, सेकंदाला पांच खुणा या गतीनें, पुकारावा लागतो. अशा दहा खुणा असतात, म्हणजे नुसत्या हांकेस दोन सेकंद लागतात. त्यानें ओ दिली कीं मग पुढील बोलणें सेकंदाला सुमारें दहा हजार खुणांच्या वेगानें चालतें. फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळच्या गाड्यांत, म्हणजे औरंगाबादेजवळ शेंद्रें येथें जुळविलेल्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियांतही, ब्रेकच्या संगणकाचा क्रमांक ०३ असे. आणि त्यांच्या कोशांत ००२८३ हा आंकडा पुढील डाव्या चाकाच्या सेन्सरचा, ००२८५ पुढील उजव्याचा, ००२८७ मागील उजव्याचा व ००२९० मागील डाव्याचा. टोयोटाच्या अनेक जुन्या गाड्यांस तर केबलही लागत नाहीं. ४ व १३ या दोन पिना तारेच्या तुकड्यानें जोडल्या कीं तो पिवळा दिवाच लुकलुकून आंकडा सांगतो, आधीं दशक, मग थोडें थांबून एकक.

आमच्या गाडीनेंही ओ दिली. पडद्यावर एक आंकडा आला व त्यापुढें अर्थ: पुढील डाव्या चाकाचा सेन्सर, संदेश नाहीं. तो मुलगा आनंदानें टाळ्या पिटूं लागला, मीही. मीं त्याच आठवड्यांत नवा सेन्सर आणून बसविला, कोड पुसला, आणि निश्चिंत झालों.

तिसऱ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला.

येथवरची गोष्ट सांगतांना मला संकोच वाटत नाहीं. पुढची सांगतांना वाटतो. पण तिच्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

सेन्सरचे पैसे गेले होते, नाताळ जवळ आला होता, आणि गाडीचा मला कंटाळा आला होता. मीं ती विकावयाची ठरविली. बदलापूरचे एक गृहस्थ रविवारीं पाहावयास येणार होते. आमची केबल कोड वाचते तशी ती कोड पुसतेही. पुसला कीं दिवा विझतो, आणि आमच्या गाडींत तर तो पुन्हां लागण्यास कधीं एक दिवस जाई, कधीं तीन. मीं शनिवारीं रात्रीं कोड पुसला. मनास सांगितलें कीं ब्रेक तर लागतात. सांगितलें कीं जुनी गाडी घेणारा स्वतः तपासून घेतोच. सांगितलें कीं विचारलें तर खोटें बोलावयाचें नाहीं. रविवारीं उपासनेस गेलों, गाणीं म्हटलीं, परत आलों. इतक्या सहजपणें हें सर्व झालें, याचेंच मला आतां भय वाटतें.

दाराशीं तो विद्यार्थी मल्टिमीटर परत नेण्यासाठीं उभा होता. त्यानें गाडीची किल्ली फिरवून पाहिली व विचारलें, "सर, दिवा गेला! दोष सांपडला का?"

"नाहीं," मी म्हणालों. "कोड पुसला आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदीं साधेपणानें म्हणाला, "म्हणजे जे गाडी बघायला येणार, त्यांना आपण सांगणार ना?"

त्याच्या स्वरांत आरोप नव्हता. मी सांगणार हें त्यानें गृहीत धरलें होतें, आणि आपला समज बरोबर आहे एवढेंच तो विचारीत होता. आरोप असता तर मला उत्तर देतां आलें असतें.

बदलापूरचे गृहस्थ पत्नीला व लहान मुलीला घेऊन आले. त्यांनीं गल्लींतून एक फेरी मारली, दिवे पाहिले, व ते म्हणाले, "सगळें ठीक दिसतें." तेव्हां मीं त्यांना सांगितलें: पिवळा दिवा काल रात्रीं मीं पुसला आहे, दोष गेलेला नाहीं, ओल्या रस्त्यावर चाकें जखडतात. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, "सांगितलंत तें बरें झालें," असें म्हणाले, आणि मुलीचा हात धरून निघून गेले. पुन्हां आले नाहींत. खरें बोलल्याचें बक्षीस गोष्टींत लगेच मिळतें. मला तें मिळालें नाहीं, आणि मिळावयासही नको होतें. कारण तो मुलगा तेथें उभा नसता तर मीं सांगितलें असतें काय, या प्रश्नाचें उत्तर मला आजही देववत नाहीं.

नाताळच्या सुटींत आम्हीं पुन्हां कामास लागलों, पण या वेळीं रीत बदलली. केबलीनें केवळ साठविलेला कोडच नव्हे, तर चारही चाकांचे वेग त्या त्या क्षणीं दिसतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेच्या रिकाम्या मैदानावर मी गाडी अगदीं हळू चालविली. मुलगा शेजारीं पट्टा बांधून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. सरळ जातांना चारही आंकडे सारखे. डावीकडे वळतांनाही ठीक. उजवीकडे पूर्ण वळतांच तो ओरडला, "सर, शून्य!" चाक सरळ केलें; आंकडा परत आला. दोष सेन्सरचा नव्हताच. सेन्सरपासून संगणकाकडे जाणारी तार, चाक एका बाजूस वळलें कीं ताणली जात होती व आंतून तुटत होती.

मडगार्डच्या आंतील प्लास्टिकचें अस्तर काढलें. तेथें तारेच्या जोडाशीं पुराचा वाळलेला गाळ तसाच बसला होता. वरचें रबरी आवरण शाबूत होतें. तें चाकूनें चिरलें तेव्हां आंत तांब्याच्या जागीं हिरवी भुकटी निघाली. जुना सेन्सर मल्टिमीटरवर तपासला. त्यानें अकराशें ओहमच्या आसपास आंकडा दाखविला, म्हणजे तो निर्दोष होता. बोटभर तार कापून नवी डाखली, वर आंच देऊन बसणारी नळी चढविली, आणि अस्तर लावलें. खर्च तीस रुपये. त्यानंतर तो दिवा पुन्हां लागला नाहीं. गाडी अजून आमच्याच दाराशीं आहे.

या सर्व खटाटोपांतून मला जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. कोड दोष सांगत नाहीं; साक्ष कोठें थांबली तेवढी जागा सांगतो. "पुढील डावें चाक, संदेश नाहीं," एवढें खरें. कां नाहीं, हें मनुष्यानें गुडघे टेंकून, गाळांत हात घालून शोधावयाचें असतें. मी वीस वर्षें विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें आंकडे लिहीत आलों. शंभरांपैकीं अठ्ठावीस, असें लिहिलें कीं माझें काम झालें असें मला वाटे. तोही एक कोडच होता. साक्ष कोठें थांबली तें मीं लिहिलें. ती कां थांबली हें किती वेळां पाहिलें? घरीं दिवा नव्हता कीं डोळ्यांस फळा दिसत नव्हता, आई आजारी होती कीं मींच नीट शिकविलें नव्हतें, हें अस्तर काढल्यावांचून कसें कळावें? आणि नवा सेन्सर आणावा तशी शिकवणी लावून मोकळे होणारे पालकही मीं पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट पुसण्याची. दरवर्षीं निकालानंतर एखादे पालक येतात व "गुणपत्रिकेवर एवढा आंकडा तेवढा बदला," असें म्हणतात. पूर्वीं मी रागावत असें. आतां रागावत नाहीं, कारण शनिवारच्या त्या रात्रीं केबल माझ्याच हातांत होती. मी एवढेंच म्हणतों, कीं दिवा विझविणें मला येतें. परंतु तुमच्या मुलास पुढें ओल्या रस्त्यावरून जावयाचें आहे.

ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांच्यासाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. किल्ली फिरविल्याबरोबर पिवळा दिवा कांहीं सेकंद लागून विझला पाहिजे. तो तसा लागणें हीच त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. मुळींच न लागणारा दिवा विझलेला नसतो, बहुधा कोणीं तरी त्याचें तोंड बंद केलेलें असतें. जुनी गाडी घेतांना हें अवश्य पाहावें. आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला तर गाडी तेथेंच उभी करावी. मुलांनीं कोड जरूर वाचावे, पण ब्रेकच्या तेलाच्या नळ्या उघडूं नयेत, आणि रहदारीच्या रस्त्यावर परीक्षा पाहूं नये.

तो विद्यार्थी आतां शाळेंतून गेला आहे. केबल त्यानें माझ्याकडेच ठेवली. मागील दोन वर्षांत ती शिक्षकांच्या व पालकांच्या पांच-सहा गाड्यांस लागली. जुना, निर्दोष असूनही मीं काढून टाकलेला सेन्सर माझ्या टेबलाच्या खणांत आहे. वह्या तपासावयास बसतों तेव्हां तांबडी शाई काढण्यासाठीं तोच खण उघडावा लागतो.